आकड्यांची राखण

१९७९ साली मी टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले, तेव्हा तालुक्याच्या गावी नंबर ही सांगायची गोष्ट होती, फिरवायची नव्हे. बोर्डावर दिवा लागला की कॉर्ड उचलायची, जॅकमध्ये घालायची आणि म्हणायचं, "नंबर प्लीज." गावातले नंबर दोन-तीन आकडी. पुष्कळजण तेवढाही सांगत नसत. "बाई, अडतीवर जोडा," म्हटलं की पुरे. रात्रपाळीला ट्रंक कॉलच्या चिठ्ठ्या ऑर्डिनरी, अर्जंट, लायटनिंग अशा तीन गठ्ठ्यांत लावायच्या. मयताची बातमी असली तर गरीब माणूससुद्धा लायटनिंगचे पैसे मोजायचा.

पाच-सहा वर्षांनी मला जिल्ह्याच्या गावी कमर्शियल शाखेत बसवलं आणि वेटिंग लिस्टचं रजिस्टर माझ्या ताब्यात आलं. नंबर म्हणजे काय, हे मला तिथे कळलं. चार आकडी एक्स्चेंजमध्ये कागदावर दहा हजार नंबर बसतात. पण ० पासून सुरू होणारे देता येत नाहीत, कारण शून्य म्हणजे बाहेरगावचा दरवाजा. १ पासूनचेही नाहीत, कारण १०० पोलिसांचा, १८० ट्रंक बुकिंगचा, १९७ चौकशीचा, १९८ तक्रारीचा. म्हणजे दहा हजारांतले दोन हजार आधीच गेले. उरलेल्या आठ हजारांसाठी तितकी यंत्रं हवीत, केबलमध्ये तितक्या जोड्या हव्यात. नंबर हा नुसता आकडा नाही, ती मोजकी सरकारी जागा आहे. एकाला दिली की दुसऱ्याला देता येत नाही.

ती जागा कोणाला द्यायची, याचे तीन रस्ते होते. भरभक्कम अनामत ठेवणाऱ्यांसाठी ओ.वाय.टी., डॉक्टर वगैरेंसाठी स्पेशल, बाकी सगळा गाव जनरल. शिवाय प्रत्येक टेलिफोन जिल्ह्याला एक सल्लागार समिती असे, टी.ए.सी. तिच्यात खासदार, व्यापारी, वकील, पत्रकार असे नेमलेले सभासद. सेवेतल्या अडचणी खात्याला सांगणं हे तिचं काम, आणि काही जोडण्या रांगेबाहेर देण्याची शिफारसही ती करी. बैठकीच्या दिवशी मी रजिस्टर घेऊन बाहेरच्या खोलीत बसायची. आतून यादी यायची आणि तितकी नावं रजिस्टरातल्या लोकांच्या पुढे जायची. त्या नावांत खरे गरजूही असत, हे मी पाहिलेलं आहे. आडगावात दवाखाना चालवणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंना फोन मिळाला तो अशाच यादीतून.

पण एक प्राथमिक शिक्षक होते. जनरलमध्ये त्यांची नोंद १९८१ ची. मुलगा सैन्यात, सीमेवर, म्हणून फोन हवा. दर सहा महिन्यांनी यायचे, टोपी हातात धरून विचारायचे, "बाई, कितवा झालो?" मी आकडा सांगायची. कधीकधी तो आधीपेक्षा मोठा असे, आणि तो का वाढला हे मला सांगता येत नसे. त्यांची डिमांड नोट, म्हणजे जोडणीचे पैसे भरायचा कागद, मी माझ्या हाताने १९९० मध्ये लिहिली. फोन बसला तेव्हा मुलगा नोकरी पुरी करून घरी आला होता. बंद दाराआड दिलेल्या सल्ल्याची किंमत मला त्या माणसाच्या तोंडावर दिसली. पुढचं सगळं मी त्याच मापाने मोजत आले आहे.

आता थोडं नकाशाबद्दल. ऑपरेटरवाचून बाहेरगावी बोलण्याची सोय, म्हणजे एस.टी.डी., देशात पहिल्यांदा २५ नोव्हेंबर १९६० रोजी लखनौ आणि कानपूरमध्ये सुरू झाली. मग गावागावाला कोड आले. सगळा देश अडीच हजारांहून अधिक लहान क्षेत्रांत वाटलेला, साधारण तालुक्याएवढं एक क्षेत्र, आणि प्रत्येकाला स्वतःचा कोड. माझं माहेर वाई, ०२१६७. शेजारचं महाबळेश्वर ०२१६८, फलटण ०२१६६, कऱ्हाड ०२१६४. कोल्हापूर ०२३१, नाशिक ०२५३. शून्यानंतरच्या पहिल्या आकड्याकडे बघा. मुंबई, पुणे, कोकण, खानदेश, मराठवाडा सगळे २ मध्ये, सोबतीला सुरत आणि बडोदाही. पण नागपूर ०७१२, अमरावती ०७२१, अकोला ०७२४, चंद्रपूर ०७१७२. अख्खा विदर्भ ७ मध्ये, भोपाळ आणि रायपूरच्या पंगतीला. जुन्या मध्य प्रांतातून विदर्भ बाहेर आला, संयुक्त महाराष्ट्र झाला, तरी टेलिफोनच्या तारांनी तो नकाशा धरून ठेवला. पणजी ०८३२, बेळगाव ०८३१. ही दोन गावं आकड्यांत सख्खे शेजारी आहेत, मधे घाट असला तरी.

या मांडणीत एक शिस्त होती. कोड आणि नंबर मिळून, पुढचं शून्य सोडून, नऊ आकडे. मुंबईचा कोड दोन आकडी, नंबर सात आकडी. नागपूरचा तीन आणि सहा. वाईचा चार आणि पाच. पुणं वाढलं तेव्हा त्याचा ०२१२ आखडून ०२० केला, म्हणजे नंबर सहाचा सात आकडी करता आला. मोठ्या शहराला लहान कोड, लहान गावाला मोठा. हे ज्याने आखलं त्याला माझा नमस्कार आहे.

पण आखणारं, वाटणारं, बदलणारं आणि तक्रार ऐकणारं खातं एकच होतं. १९९० नंतर खासगी कंपन्या आल्या आणि हे चालण्यासारखं राहिलं नाही. दुकानदारानेच बाजाराचं माप ठेवायचं, हे दुसऱ्या दुकानदाराला कसं पटेल? १९९७ च्या कायद्याने दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, उभं राहिलं. दर ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे गेला. नंबरांच्या बाबतीत मात्र त्याचं काम शिफारस करण्याचं. नंबर आजही दूरसंचार विभागच देतो, आणि शिफारस सरकारवर बंधनकारक नाही. मग टी.ए.सी. आणि ट्राय यांत फरक तो काय, असं माझ्या एका सहकाऱ्याने मला तेव्हाच विचारलं होतं. फरक कायद्याच्या कलम ११ मध्ये लिहिलेला आहे: प्राधिकरणाने पारदर्शकपणे काम करावं. आधी प्रश्न छापायचे, लोकांची मतं मागवायची, ती सर्वांना वाचायला ठेवायची, खुली चर्चा घ्यायची, मग कारणांसह शिफारस करायची. बैठकीच्या खोलीचं दार उघडं झालं. त्या प्राथमिक शिक्षकांना "कितवा आणि का" हे विचारता आलं असतं, असं दार.

२००२-०३ च्या सुमारास आमच्या नंबरांच्या पुढे २ लागला. मुंबईचा नंबर आठ आकडी झाला, वाईचा सहा. नऊचे दहा झाले ते असे. त्या आठवड्यात काउंटरवर मी दिवसभर एकच वाक्य बोलत होते, "दोन लावा, दोन." दुकानांच्या पाट्या, लेटरहेडं, लग्नपत्रिका सगळं बदललं. लोक चिडले. त्यांना कोणी नीट सांगितलंच नव्हतं की पहिला आकडा आता कंपनीची ओळख होणार आहे: २ सरकारी कंपन्यांचा, पुढचे काही आकडे खासगी कंपन्यांचे.

त्याच २००३ साली नवी राष्ट्रीय नंबर योजना आली. ७५ कोटी जोडण्यांना पुरेल अशी, त्यात ३० कोटी साधे फोन आणि ४५ कोटी मोबाइल, आणि हे सगळं २०३० पर्यंत पुरेल असा हिशेब. २०१० संपायच्या आत देशातल्या जोडण्या ७५ कोटींच्या वर गेल्या. वीस वर्षं आधी! साधे फोन वाढायचे सोडून घटत गेले, आणि मोबाइलने सगळी जागा व्यापली. सुरुवातीला मोबाइलचा नंबर ९ ने सुरू व्हायचा. मग ८ आला, ७ आला, शेवटी ६ सुद्धा.

ट्रायने २०१० च्या ऑगस्टमध्येच नंबरांच्या काटकसरीवर शिफारशी दिल्या होत्या. नंबर धरून ठेवण्याच्या सोयीबद्दल, म्हणजे कंपनी बदलली तरी नंबर तोच, याबद्दल तर २००६ मध्ये. ती सोय देशभर मिळाली २० जानेवारी २०११ ला, जवळजवळ पाच वर्षांनी. या सोयीने एक गोष्ट कायमची ठरली असं मी मानते: नंबर कंपनीचा नाही. तो वापरणाऱ्याच्याही मालकीचा नाही. तो देशाचा, आपण फक्त वापरतो.

२९ मे २०२० रोजी ट्रायने पुन्हा शिफारशी दिल्या. साध्या फोनवरून मोबाइल लावताना आधी शून्य फिरवा, एवढंच मुख्य म्हणणं. कारण सोपं आहे. एखाद्या शहरात साध्या फोनचे नंबर ४ किंवा ६ ने सुरू होत असतील, तर त्याच आकड्यांनी सुरू होणारा मोबाइल तिथून लावला की एक्स्चेंजला कळत नाही, हा गल्लीतला की बाहेरचा. शून्य आधी आलं की गोंधळ मिटतो आणि अडकून पडलेले नंबर मोबाइलसाठी मोकळे होतात. सुमारे अडीचशे कोटी नवे नंबर नुसत्या एका शून्याने! पण दुसऱ्या दिवशी बातमी पसरली, मोबाइल अकरा आकडी होणार. माझ्याकडेच कितीतरी जणांचे फोन आले. ट्रायला ३१ मे रोजी खुलासा करावा लागला की अकरा आकड्यांचा पर्याय आम्ही नाकारलेला आहे. कागद सर्वांसाठी ठेवला होता, तो वाचला फार थोड्यांनी. याचा मला राग येतो. ज्या उघड्या दारासाठी एका पिढीने वाट पाहिली, त्यातून आत डोकावण्याचाही आपण आळस करतो. शून्याचा नियम १५ जानेवारी २०२१ पासून लागू झाला.

सल्ला मानला गेला की काय होतं, याचं सर्वांत चांगलं उदाहरण ११२. पोलीस १००, आग १०१, रुग्णवाहिका वेगळी. भेदरलेल्या माणसाला कुठला नंबर आठवणार? मी बोर्डावर असताना "बाई, कोणालातरी जोडा, लवकर" एवढंच ओरडणारी माणसं ऐकली आहेत. तेव्हा ऑपरेटर हाच एक नंबर होता. आम्ही ठरवायचो, पोलीस की दवाखाना. ऑपरेटर गेली आणि ते ठरवणारं कोणी उरलं नाही. ट्रायने एप्रिल २०१५ मध्ये देशाला एकच संकटनंबर असावा अशी शिफारस केली, सरकारने ती घेतली, आणि आज महाराष्ट्रात कुठूनही ११२ लागतो.

नंबरांबद्दलची ट्रायची त्यानंतरची शिफारस ६ फेब्रुवारी २०२५ ची. साध्या फोनवरून साधा फोन लावतानाही शून्य, कोड आणि नंबर असं पूर्ण फिरवायचं, म्हणजे स्थानिक नंबर आणि बाहेरगावचा नंबर हा भेदच संपेल. त्याआधी २०२४ मध्ये नंबरासाठी ग्राहकांकडून पैसे घेणार अशी आवई उठली होती, तीही अकरा आकड्यांच्या बातमीसारखी खोटी होती.

२०२५ च्या शिफारशीत कोणाचाही जुना नंबर बदलायचा नाही. ०२१६७ वाईचाच राहील. फक्त वाईतल्या माणसाला शेजारच्या घरी फोन करायचा झाला तरी आधी तो फिरवावा लागेल.