वराडचा नातू, आयर्लंडचा पंतप्रधान: लिओ वराडकर यांचं राजकारण, खासगी आयुष्य आणि आपलं मत

मालवण तालुक्यात कट्ट्याच्या बाजूला वराड नावाचं गाव आहे. २०१७ च्या जून महिन्यात या गावाचं नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत आलं, कारण या गावच्या घराण्यातला एक मुलगा, लिओ वराडकर, आयर्लंडचा पंतप्रधान झाला. गावात आनंद साजरा झाला, मराठी वाहिन्यांनी बातम्या चालवल्या. ऑक्टोबर २०२३ नंतर गाझावर बॉम्ब पडू लागले तेव्हा हेच नाव पुन्हा आपल्या मोबाईलवर फिरू लागलं, आणि यावेळी ते आपल्या समाजाच्या ग्रुपमध्येही होतं. काही जण लिहीत होते, "बघा, आपला कोकणी माणूस मजलूमांसाठी बोलला." त्यावर लगेच दुसऱ्याचं उत्तर यायचं, "पण तो माणूस कसा आहे ते माहीत आहे ना?"

मी नववीच्या वर्गाला युरोपीय संघ शिकवत होतो, तेव्हा एका मुलाने हाच प्रश्न उभा केला. "सर, तो आपलो गाववालो. गाझासाठी बोललो. मग लोक त्याका नावा कित्याक ठेवतत?" मुलाला चार वाक्यांत उत्तर देता आलं नाही. म्हणून जी खात्रीची माहिती आहे ती इथे एकत्र मांडतो. वाचक बंधू-भगिनींनी ती वाचावी आणि मग आपलं मत बनवावं.

घराणं आणि वाटचाल

लिओ यांचे वडील डॉ. अशोक वराडकर. त्यांचं मूळ गाव वराड. १९६० च्या दशकात ते डॉक्टर म्हणून ब्रिटनला गेले. तिथे स्लाव या शहरात काम करताना त्यांची ओळख मिरियम या आयरिश परिचारिकेशी झाली. दोघांनी लग्न केलं, काही काळ भारतातही राहिले आणि १९७३ मध्ये डब्लिनला स्थायिक झाले. १८ जानेवारी १९७९ रोजी डब्लिनमध्ये लिओ यांचा जन्म झाला. दोन बहिणींच्या पाठीवरचे ते धाकटे. आईच्या धर्माप्रमाणे ते कॅथलिक वातावरणात वाढले. वडिलांचे दोन भाऊ स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले होते, असं त्यांच्या कुटुंबातून सांगितलं जातं.

लिओ यांनी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात वैद्यकीय शिक्षण घेतलं आणि २००३ मध्ये पदवी मिळवली. प्रशिक्षणाचा काही काळ त्यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात घालवला. २००७ मध्ये फिन गेल या पक्षातर्फे ते खासदार झाले. २०११ पासून परिवहन, मग आरोग्य, मग समाजकल्याण अशी खाती सांभाळत १४ जून २०१७ रोजी ते पंतप्रधान झाले. आयर्लंडमध्ये पंतप्रधानाला 'टीशक' म्हणतात. तेव्हा त्यांचं वय ३८ होतं. परदेशातून आलेल्या बापाचा मुलगा त्या पदावर बसण्याची ती पहिलीच वेळ.

२०२० पर्यंत ते या पदावर होते. नंतर आघाडी सरकारात उपपंतप्रधान झाले आणि डिसेंबर २०२२ ते एप्रिल २०२४ या काळात पुन्हा पंतप्रधान.

सीमेचा प्रश्न

वराडकर यांच्या मुत्सद्देगिरीची पहिली परीक्षा ब्रेक्झिटने घेतली. ब्रिटनने २०१६ मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल दिला. आयर्लंड बेट दोन भागांत आहे. दक्षिणेकडचा मोठा भाग स्वतंत्र देश आणि उत्तरेकडचा छोटा भाग ब्रिटनच्या ताब्यात. मधली सीमा सुमारे ५०० किलोमीटरची. या सीमेवर तीस वर्षं रक्त सांडलं होतं, आणि १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने ते थांबलं. ब्रिटन बाहेर पडला तर सीमेवर पुन्हा नाके आणि तपासणी येणार, आणि नाके आले की जुनी भांडणं परत येणार, ही भीती होती.

सीमेवर नाके येणार नाहीत, या एका मुद्द्यावर वराडकर अडून राहिले. छोट्या देशाने मोठ्या शेजाऱ्यासमोर टिकायचं तर मित्र सोबत हवेत. त्यांनी युरोपीय संघातले बाकीचे २६ देश आपल्या बाजूला ठेवले. ब्रिटनमधली काही वर्तमानपत्रं त्यांच्यावर तुटून पडली. शेवटी १० ऑक्टोबर २०१९ रोजी इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळ थॉर्नटन मॅनर इथे त्यांची आणि बोरिस जॉन्सन यांची भेट झाली, अडलेली बोलणी सुटली आणि आठवड्याभरात करार झाला. बेटावरची सीमा उघडी राहिली.

त्याच वर्षी २९ डिसेंबरला ते कुटुंबासह वराडला आले. दौरा खासगी होता, पण गावाने पाहुण्याचं स्वागत करायचं ते केलंच.

गाझाबद्दल काय बोलले, काय केलं

७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्याचा वराडकर यांनी निषेध केला होता. ओलिसांना सोडा, अशी मागणीही केली होती. त्यानंतर इस्रायलची कारवाई वाढली, तेव्हा नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच ते म्हणाले की ही कारवाई आता बदला घेण्याच्या जवळ जाणारी वाटते. त्या वेळी युरोपातले बहुतेक नेते इतकं स्पष्ट बोलत नव्हते.

१४ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यांनी आणि स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी युरोपीय आयोगाला एकत्र पत्र लिहिलं. इस्रायलशी असलेल्या व्यापार आणि सहकार्याच्या करारात मानवी हक्कांचं कलम आहे, ते पाळलं जातंय का, हे तातडीने तपासा, अशी मागणी त्यात होती. मार्चमध्ये सेंट पॅट्रिक दिनासाठी ते व्हाइट हाऊसला गेले. अमेरिकेचे अध्यक्ष जो बायडेन शेजारी उभे असताना ते गाझाबद्दल बोलले. आयरिश लोकांनीही उपासमार, बेघर होणं आणि जमीन हिरावली जाणं सोसलं आहे, म्हणून पॅलेस्टिनी लोकांचं दुःख त्यांना कळतं, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता.

आता दुसरी बाजू. आयर्लंडमध्ये अनेकांना हे पुरेसं वाटलं नाही. इस्रायलच्या राजदूताला परत पाठवा, असा ठराव विरोधकांनी संसदेत आणला, तो सरकारने पाडला. व्याप्त प्रदेशातल्या वसाहतींशी व्यापार बंद करणारं विधेयक २०१८ मध्येच मांडलं गेलं होतं, ते त्यांच्या सरकारांनी पुढे नेलं नाही. त्या वर्षी व्हाइट हाऊसला जाऊच नका, असंही लोक म्हणत होते. म्हणजे ज्यांना आपण 'गाझाचा आवाज' म्हणून फॉरवर्ड करतो, त्यांच्याच देशात त्यांना 'शब्द मोठे, कृती कमी' असं सुनावलं जात होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही लक्षात ठेवाव्यात.

खासगी आयुष्य

१८ जानेवारी २०१५ रोजी, आपल्या ३६ व्या वाढदिवशी, वराडकर यांनी आयरिश रेडिओवर स्वतःच सांगितलं की आपण समलिंगी आहोत. तेव्हा ते आरोग्यमंत्री होते. आयर्लंडमध्ये १९९३ पर्यंत हा कायद्याने गुन्हा होता. त्याच २०१५ च्या मे महिन्यात समलिंगी विवाहावर सार्वमत झालं आणि ६२ टक्के लोकांनी बाजूने कौल दिला. त्यांचे जोडीदार डॉ. मॅथ्यू बॅरेट हे पेशाने डॉक्टर आहेत. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष माईक पेन्स यांच्या घरी वराडकर जोडीदारासह न्याहारीला गेले. पेन्स हे अशा विवाहांचे उघड विरोधक. तरी यजमानाने पाहुण्यांचा मान राखला आणि पाहुण्यांनी आपलं म्हणणं शांतपणे मांडलं.

हे सगळं त्यांनी स्वतः जगासमोर ठेवलेलं आहे. त्यापलीकडे खणत बसायची गरज नाही.

आयरिश जनतेने कशावरून तोललं

आपल्याकडे समजतात की अशा माणसाबद्दल तिथे रोज याच विषयावर चर्चा होत असेल. तसं नव्हतं. ब्रेक्झिटची बोलणी यशस्वी झाली, पण फेब्रुवारी २०२० च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष तिसऱ्या क्रमांकावर गेला. कारण घरभाडी वाढली होती, तरुणांना घरं मिळत नव्हती, सरकारी रुग्णालयांत रांगा होत्या. परराष्ट्र धोरणात कमावलेलं नाव घरच्या चुलीपुढे चाललं नाही. मार्च २०२४ मध्ये कुटुंब आणि घरातली सेवा या विषयांवरच्या दोन सार्वमतांत सरकार मोठ्या फरकाने हरलं, आणि २० मार्चला त्यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. कारणं वैयक्तिकही आहेत आणि राजकीयही, एवढंच ते म्हणाले.

काही चुकीच्या समजुती

वर्गात आणि ग्रुपमध्ये ऐकलेल्या काही गोष्टी इथेच दुरुस्त करतो.

एक, त्यांचा जन्म वराडला झाला. नाही, डब्लिनला झाला. वराड हे वडिलांचं गाव.

दोन, त्यांनी पॅलेस्टाईनला मान्यता दिली. नाही. आयर्लंडची मान्यता २८ मे २०२४ रोजी नॉर्वे आणि स्पेनबरोबर लागू झाली, तेव्हा सायमन हॅरिस पंतप्रधान होते. वराडकर यांच्या काळात त्याची पूर्वतयारी झाली होती. आपल्या भारताने तर पॅलेस्टाईनला १९८८ मध्येच मान्यता दिली आहे.

तीन, गाझावर बोलल्यामुळे त्यांची खुर्ची गेली. याला काही आधार नाही.

चार, खासगी आयुष्यामुळे लोकांनी त्यांना नाकारलं. यालाही आधार नाही.

आपण कसं मत बनवावं

आपल्या भागात मला तीन प्रकारची मतं ऐकू येतात. काहींना फक्त अभिमान आहे, आडनाव आपलं म्हणून. काहींना खासगी गोष्ट कळली की बाकी सगळं शून्य. आणि बरेच जण चारचौघांत गप्प बसतात, मागे मात्र हसतात. या तिसऱ्या प्रकाराला आपल्याकडे गीबत म्हणतात. सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्याचे ऐब शोधण्याला आणि पाठीमागे बोलण्याला किती सक्त मनाई आहे, हे मदरशात गेलेल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतं.

निकाह आणि कुटुंब याबद्दल आपल्या दीनची शिकवण स्पष्ट आहे, ती कोणी बदलायला सांगत नाही. पण कोणी मजलूमाच्या बाजूने बोललं तर ते मान्य करायचं की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. याचं उत्तर सीरतमध्ये आहे. ताइफहून परतताना हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांना मक्केत मुतइम बिन अदी यांनी पनाह दिली. ते ईमान आणलेले नव्हते आणि तसेच वारले. तरी बद्रनंतर हुजूर म्हणाले की आज मुतइम हयात असते आणि या कैद्यांसाठी बोलले असते, तर त्यांच्या शब्दाखातर मी यांना सोडून दिलं असतं. ही हदीस बुखारीत आहे. अकीदा वेगळा असतानाही एहसान विसरला गेला नाही.

वर्गात मी फळ्यावर दोन रकाने आखले, 'काय केलं' आणि 'काय केलं नाही'. मुलांनीच ते भरले. ब्रेक्झिट, पत्र, व्हाइट हाऊस एकीकडे, राजदूत, विधेयक आणि घरांचा प्रश्न दुसरीकडे. 'कसा आहे' असा तिसरा रकाना एका मुलाने मागितला. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, मग आमका पण लोक असाच तोलतले. काम बघूचे नाय, नाव बघतले."

तिचं म्हणणं मला पटलं. नोकरीच्या मुलाखतीत, भाड्याचं घर शोधताना, प्रवासात, आपलं नाव ऐकून आपल्याबद्दल आधीच मत बनवलं जाऊ नये, अशी आपली मागणी असते. ती मागणी रास्त आहे. पण मग दुसऱ्याच्या बाबतीत तोच काटा वापरावा लागतो. तिसरा रकाना आम्ही आखला नाही.

वराडकर आता पदावर नाहीत. पण जगाच्या राजकारणात आपल्या बाजूने किंवा विरुद्ध बोलणारे नेते येत राहणार, आणि त्यांच्या घरातल्या गोष्टीही मोबाईलवर येत राहणार. पुढच्या वेळी असा मेसेज आला तर फॉरवर्ड करण्याआधी दोन गोष्टी विचारा. हे खरं आहे का? आणि याचा त्याच्या कामाशी संबंध आहे का? उत्तर 'नाही' असेल, तर मेसेज तिथेच थांबवा.