शेकरूचं सरकारी नाव

सिद्धगडाच्या माचीकडे चढताना नजर झाडांच्या शेंड्यांवर ठेवायची. वारा नसताना फांदी हलली की थांबायचं. लालसर तपकिरी पाठ, फिकट पोट आणि झुपकेदार लांब शेपूट दिसली, की समजा नशीब उघडलं. शेकरू! महाराष्ट्राचा राज्यप्राणी.

कागदावर मात्र इथल्या शेकरूच्या नावामागे 'एल्फिन्स्टनी' लागतं. हे कुठून आलं?

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तेव्हा पुण्यातला इंग्रजांचा मुख्य माणूस होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. पुढे १८१९ ते १८२७ तो मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्याच काळात कर्नल साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची मोजदाद करायचं काम मिळालं. जमीन, पिकं, माणसं सगळं मोजता मोजता त्याने प्राणीही नोंदवले. १८३१ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे त्याची यादी आली, आणि तिच्यात या खारीला जुन्या साहेबाचं नाव चिकटलं. (आमच्या ऑफिसात क्लायंटच्या नावाने फोल्डर करतात, तोच प्रकार.) सर्व्हे जिंकलेल्या मुलखाचा होता, हे त्या नावात अजून दिसतं. महादेव कोळी, ठाकर, कातकरी हे या जंगलातले लोक. त्यांचा त्यात मागमूस नाही.

पुढे इंग्रजांच्या वनकायद्यांनी जंगलाच्या हद्दी आखल्या. पण जंगल फक्त त्यांचं झालं नाही. 'चले जाव' चळवळीत विजेचे मनोरे पाडणारे भाई कोतवाल आणि त्यांचे साथी सिद्धगडाच्या याच झाडीत लपले होते. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांनी त्यांना गाठलं. कोतवाल आणि हिराजी पाटील गोळीबारात हुतात्मा झाले. कोतवाल तेव्हा ३० वर्षांचे होते.

भीमाशंकर अभयारण्य जाहीर झालं १९८५ मध्ये, सुमारे १३१ चौरस किलोमीटरचं. पुणे, ठाणे आणि रायगड असं तीन जिल्ह्यांत पसरलेलं हे अभयारण्य मुख्यतः शेकरूसाठीच. हा प्राणी जमिनीवर क्वचितच उतरतो. घरटंही उंच फांद्यांवर, काटक्या आणि पानांचं. शेंड्याला शेंडा भिडलेला हवा, मधे मोठी फट पडली की त्याचा रस्ताच तुटतो. म्हणून इथल्या देवराया महत्त्वाच्या. देवाच्या धाकाने तिथली झाडं पिढ्यान्‌पिढ्या कुणी तोडली नाहीत, आणि तो धाक एल्फिन्स्टनच्या कितीतरी आधीचा आहे.