इंग्रजी कादंबरींतील शोधक स्त्रिया : काळनिर्णयाचा एक प्रश्न

खुनाचा छडा लावणारी स्त्री इंग्रजी कादंबरींत प्रथम केव्हां अवतरली, हा प्रश्न या त्रैमासिकाच्या कक्षेबाहेरचा आहे असें कोणी म्हणेल. तथापि त्याचा निर्णय ज्या साधनांनीं करावयाचा तीं आमच्या वाचकांच्या नित्य परिचयाचीं आहेत : कर्त्याचें नांव नसलेलीं पुस्तकें, टोपणनांवें, एका ग्रंथांतून दुसऱ्यांत गेलेला मजकूर, आणि एका सूचिकारानें दुसऱ्याच्या भरंवशावर उतरून घेतलेले सन. बखरींच्या काळनिर्णयांत ज्यांनीं आयुष्य घालविलें त्यांस हा प्रांत परका वाटूं नये.

१८६४ सालीं लंडन येथें दोन पुस्तकें निघालीं. 'द फीमेल डिटेक्टिव्ह' यावर अँड्र्यू फॉरेस्टर असें नांव होतें. 'रिव्हेलेशन्स ऑफ ए लेडी डिटेक्टिव्ह' यावर कर्त्याचें नांवच नव्हतें, परंतु तें विल्यम स्टीफन्स हेवर्ड याचें असें सामान्यतः मानतात. दोन्ही स्वस्त पुस्तकांच्या जातीचीं. पहिल्यांतील नायिका आपलें खरें नांव सांगत नाहीं, आणि तिच्या ओळखीच्या मंडळींस ती कपडे शिवणारी बाई आहे असें वाटतें. दुसऱ्यांतील मिसेस पॅस्कल ही चाळिशीच्या घरांतील विधवा. नवरा अकस्मात् वारल्यामुळें पोटासाठीं ती या धंद्यांत पडली. आणि एका सरदारणीच्या पाठीं तळघरांत उतरतांना आड येणारा घेरदार क्रिनोलीन ती खुशाल काढून टाकते.

आतां वाद असा कीं, पूर्वीच्या कांहीं सूचींत या दुसऱ्या पुस्तकाचा सन १८६१ असा दिला होता. त्यामुळें पहिलेपणाचा मान बरींच वर्षें मिसेस पॅस्कलकडे राहिला. आज दोन्ही पुस्तकें १८६४ चींच, आणि त्यांतहि फॉरेस्टरचें आधींचें, असें मानिलें जातें. ब्रिटिश लायब्ररीनें २०१२ व २०१३ सालीं त्यांचें पुनर्मुद्रण केलें, तेव्हांपासून तीं सर्वांस सुलभ झालीं आहेत.

फॉरेस्टर हें टोपणनांव. त्यामागें जेम्स रेडिंग वेअर होता, हें ठरविण्याचा मार्ग आम्हांस या प्रकरणांतील सर्वांत सुंदर भाग वाटतो. १८६० च्या जून महिन्याच्या अखेरीस रोड नांवाच्या खेड्यांत केंट घराण्यांतील चार वर्षांच्या आंतील एका मुलाचा रात्रीं खून झाला. स्कॉटलंड यार्डच्या व्हिचर नांवाच्या अंमलदारानें मुलाची सोळा वर्षांची सावत्र बहीण कॉन्स्टन्स हिला धरिलें. मुख्य आधार काय, तर तिचा रात्रीं नेसावयाचा एक झगा नाहींसा झाला होता. ती सुटली, व्हिचरची बेअब्रू झाली, आणि पुढें १८६५ त तिनेंच गुन्हा कबूल केला. या खुनाची चिकित्सा करणारें एक चोपडें त्याच वर्षीं वेअरच्या नांवानें निघालें, व तें १८६२ च्या लेखाचें पुनर्मुद्रण असल्याचें त्याच्या नांवांतच नमूद होतें. त्यांतील मजकूर आणि फॉरेस्टरच्या पुस्तकांतील मृत बालकाचें प्रकरण हीं एकच. पाठसाम्यावरून कर्ता ओळखण्याची ही रीत आमच्या इकडील पोथ्यांस जशीच्या तशी लागू आहे. हाच वेअर पुढें बाजारी इंग्रजीचा कोशकार म्हणून नांवारूपास आला.

लक्षांत ठेवावयाचें तें असें कीं, त्या काळीं लंडनच्या पोलिसांत एकहि स्त्री नव्हती. तेथें स्त्रियांचीं गस्तपथकें १९१९ त आलीं. अमेरिकेंत मात्र शिकागोच्या पिंकर्टन याच्या खासगी कचेरींत केट वॉर्न ही बाई १८५६ पासूनच काम करीत होती.

परंतु पगार घेणारी तीच शोधक, असें आम्ही मानीत नाहीं. कॅथरिन क्रो हिची 'सुसान हॉप्ली' ही कादंबरी १८४१ सालीं निनांवी प्रसिद्ध झाली, आणि त्याच वर्षीं तिचें नाटकहि झालें. सुसान ही मोलकरीण. मालकाचा खून झाला, त्याच रात्रीं तिचा भाऊ बेपत्ता झाला, म्हणून तोच खुनी ठरला. बहिणीनें भावावरील कलंक धुऊन काढण्याचा पण केला. कादंबरीच्या उपनांवांतच परिस्थितिजन्य पुराव्याचा उल्लेख आहे. येथें 'मृच्छकटिका'चा नववा अंक कोणास आठवणार नाहीं? उद्यानांत दुसऱ्याच स्त्रीचें प्रेत दिसतें, विदूषकाच्या काखेंतून अलंकार खालीं पडतात, आणि निरपराध चारुदत्तास वधस्तंभाकडे नेतात. सुसानला पडलेलें स्वप्न हा या कथेंतील दोष खरा, कारण स्वप्न हें प्रमाण नव्हे; तरीहि पहिलेपणाचा मान आम्ही या मोलकरणीसच देऊं. हॉफमन या जर्मन लेखकाच्या १८१९ च्या कथेंतील वृद्ध स्कुदेरी तिच्याहून जुनी खरी; पण ती शोध करीत नाहीं, इतरांचे कबुलीजबाब ऐकते व राजाकडे रदबदली करते.

विल्की कॉलिन्सनें १८५६ त एका गरीब शिवणकाम करणाऱ्या मुलीकडून तिच्या मैत्रिणीच्या खुनाचा शोध करविला. साधन काय, तर मेलेलीच्या मुठींत राहिलेला गळपट्ट्याचा फाटका तुकडा. त्याची 'द लॉ अँड द लेडी' ही कादंबरी मात्र (१८७५) आमच्या वाचकांनीं मुद्दाम पाहावी. व्हॅलेरियाचा नवरा खोट्या नांवानें लग्न करतो, कारण पहिल्या बायकोवर विषप्रयोग केल्याच्या आरोपांतून तो 'शाबीत नाहीं' या स्कॉटलंडांतील त्या काळच्या विचित्र निवाड्यानें सुटलेला असतो : दोषी नव्हे आणि निर्दोषहि नव्हे. सर्वांचा विरोध पत्करून ती खटल्याचे कागद वाचते व साक्षीदारांकडे जाते. अखेर मृत स्त्रीचें शेवटचें पत्र उकिरड्यांत सांपडतें, कपटे कपटे झालेलें. तें दोन्ही बाजूंस लिहिलेलें असल्यानें चिकटविणार कसें? म्हणून प्रत्येक कपट्याचा कागद जाडींत चिरून दोन पापुद्रे करतात आणि कोऱ्या बाजूवर डिंकासारखें द्रव्य लावून अक्षरें जुळवितात. खून नव्हताच, आत्महत्या होती, असें त्यावरून निघतें.

स्मृतिकारांनीं लेख, साक्षी व भोग अशीं तीन प्रमाणें मानिलीं आहेत. येथें साक्षी घोटाळ्यांत पाडतात, आणि लेख निकाल देतो. मात्र हें पत्र कोर्टापुढें जात नाहीं. नवरा तें वाचण्याचेंहि नाकारतो, आणि मोहोर न फोडतां तें नुकत्याच जन्मलेल्या मुलासाठीं ठेवून देतो. संग्राहकांस ही गोष्ट कितपत मानवेल, याची आम्हांस शंका आहे.