पाइपच्या मुखनळीचे रबरी आवरण
तंबाखूच्या पाइपचे दातांत धरण्याचे टोक झाकणारी लवचिक रबरी टोपी. मुखनळी बहुधा व्हल्कनाइटची (गंधकाच्या प्रक्रियेने कठीण केलेले रबर) किंवा अ‍ॅक्रिलिकची असते. व्हल्कनाइट तुलनेने मऊ असल्याने त्यावर दातांचे व्रण उठतात. कठीण अ‍ॅक्रिलिकचा दातांना त्रास होतो. आवरणामुळे नळी सुरक्षित राहते आणि दातांना किंवा कवळीला चांगली पकड मिळते. मात्र टोक जाड होते व आत लाळ साचते; म्हणून आवरण वरचेवर काढून धुतात, फाटल्यास बदलतात.  आवरणाने तंबाखूचा अपाय टळत नाही. ओठ व मुखाच्या कर्करोगाचा धोका कायम राहतो.