स्कूबासाठी लाईव्हअबोर्ड बोट बुक करताय? पैसे भरण्याआधी काय विचारायचं?

तारकर्लीला स्कूबा करून आलेल्या ग्रुपमध्ये पुढचा विषय हमखास निघतो: आता मालदीवची लाईव्हअबोर्ड करू या. मग अंधेरीच्या ऑफिसात लंच ब्रेकमध्ये रील्स फिरायला लागतात. पांढरीशुभ्र तीनमजली बोट, डेकवर नाश्ता, बाजूने पोहत जाणारा मांटा रे. आठवड्याभराचा खर्च माणशी लाखाच्या वर सहज जातो, आणि बोट निवडली जाते ती केबिनचे फोटो बघून. पण या प्रकारात तुम्ही बोटीवर फक्त बसत नाही, झोपताही. तिथूनच सगळा फरक पडतो.

लाईव्हअबोर्ड म्हणजे नेमकं काय?

मालवण-तारकर्लीला स्कूबा म्हणजे काही तासांची फेरी. सकाळी बोटीत बसायचं, पाण्यात उतरायचं, दुपारी किनाऱ्यावर येऊन मासे-भात खायचा. लाईव्हअबोर्डवर मात्र राहणं, जेवण, झोप सगळं बोटीवरच. बोट एका डाईव्ह साइटवरून दुसरीकडे जात राहते आणि दिवसाला साधारण तीन डाईव्ह होतात. किनाऱ्यावरून एका दिवसात जाऊन येता येत नाही अशा जागा गाठता येतात, हा खरा फायदा.

मालदीवमध्ये बहुतेक वेळा दोन बोटी असतात. मोठ्या बोटीवर राहायचं आणि डाईव्हसाठी सोबत येणाऱ्या 'धोणी' नावाच्या छोट्या बोटीतून जायचं. सिलिंडर आणि कॉम्प्रेसर धोणीवरच असतात, त्यामुळे राहत्या बोटीवर आवाज आणि पसारा कमी होतो.

तारकर्लीला केलंय, ते चालेल का?

बहुधा नाही. तिथे पर्यटक करतात ती ओळख-डाईव्ह. प्रशिक्षक तुम्हाला धरून असतो आणि तुम्ही फोटोला पोज देता. मजा येते, पण ते प्रमाणपत्र नव्हे. लाईव्हअबोर्डसाठी किमान 'ओपन वॉटर' कोर्स लागतो, ज्यात १८ मीटरपर्यंत जाता येतं. बऱ्याच बोटी 'ॲडव्हान्स्ड' म्हणजे ३० मीटरवालं प्रमाणपत्र आणि आधीच्या ठरावीक डाईव्हची नोंद मागतात. मालदीवमध्ये पर्यटकांसाठी खोलीची मर्यादाही ३० मीटर आहे.

ही अट जाचक वाटते, पण तिला कारण आहे. मालदीवच्या प्रसिद्ध डाईव्ह बऱ्याचदा प्रवाळबेटांमधल्या खिंडींत होतात आणि तिथे प्रवाह जोरदार असतो. चार डाईव्ह केलेला माणूस तिथे घाबरतो, हवा भराभर संपवतो आणि त्याच्यामुळे अख्ख्या ग्रुपला वर यावं लागतं. म्हणून बोट तुम्हाला तुमचा अनुभव विचारते का, याकडे लक्ष द्या. काहीच न विचारता ॲडव्हान्स घेणारी बोट मला तरी नको. आधी कोर्स करा, नेत्राणी किंवा अंदमानला किनाऱ्यावर राहून डाईव्ह वाढवा, मग बोटीचं बघा.

रात्री आग लागली तर बाहेर कसं पडायचं?

हा प्रश्न कुठल्याच रीलमध्ये नसतो. २ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे कॅलिफोर्नियाच्या सांताक्रूझ बेटाजवळ 'कन्सेप्शन' ही स्कूबाची बोट पेटली. प्रवासी डेकखालच्या एकाच मोठ्या खोलीत, बंकवर झोपले होते. त्या खोलीला बाहेर पडायचे दोन मार्ग होते, म्हणजे कागदावर सगळं ठीक. पण दोन्ही मार्ग वरच्या एकाच दालनात उघडत होते आणि आग त्याच दालनात होती. खाली झोपलेले सगळे, ३३ प्रवासी आणि १ कर्मचारी, मिळून ३४ जण गेले. वरच्या भागात झोपलेले कॅप्टन आणि ४ कर्मचारी वाचले.

आग नेमकी कशाने लागली हे तपासात ठामपणे सिद्ध झालं नाही. त्या दालनात फोन, कॅमेरे, टॉर्च यांच्या बॅटऱ्या चार्जिंगला होत्या, ही शक्यता मात्र चर्चेत राहिली. एक गोष्ट स्पष्ट झाली: रात्री फिरून पहारा देणारं कुणीच नव्हतं. त्यामुळे आग कळली तेव्हा उशीर झाला होता. कॅप्टनला २०२४ मध्ये ४ वर्षांची शिक्षा झाली.

दुसरी घटना इजिप्तची. २५ नोव्हेंबर २०२४ च्या पहाटे तांबड्या समुद्रात 'सी स्टोरी' ही लाईव्हअबोर्ड उलटली. ११ जण मृत किंवा बेपत्ता झाले. काही जण उलटलेल्या बोटीच्या आत एका दिवसाहून जास्त काळ अडकून होते आणि तरी जिवंत सापडले. त्याआधी २०२३ मध्ये त्याच समुद्रात 'हरिकेन' नावाच्या बोटीला आग लागून ३ ब्रिटिश पर्यटकांचा मृत्यू झाला होता.

परदेशी उदाहरणं कशाला, असं वाटेल. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि २ पर्यटक दगावले. ती तर भर दिवसाची, किनाऱ्याजवळची गोष्ट. लाईव्हअबोर्डवर अंधार असतो, तुम्ही झोपेत असता आणि मदत दूर असते.

मग केबिन कोणती घ्यायची?

इथे गंमत आहे. खालच्या मजल्यावरची, बोटीच्या मधोमध असलेली केबिन सगळ्यात कमी डुलते. ज्यांना घाटातल्या एसटीतही मळमळतं त्यांना तीच बरी, आणि ती स्वस्तही असते. पण आग लागली किंवा बोट कलंडली तर बाहेर पडायचा रस्ता तिथूनच सगळ्यात लांब. वरच्या मजल्यावर केबिन जास्त हलते, जास्त महाग असते, पण दार उघडलं की डेक. परवडत असेल तर मी वरची घेईन आणि मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून सोबत ठेवेन. खालचीच घ्यायची असेल तर दुसरा मार्ग कुठे उघडतो, ते आधी विचारा.

कधी जायचं?

मालदीवला साधारण डिसेंबर ते एप्रिल समुद्र शांत आणि पाणी स्वच्छ. मे ते नोव्हेंबरमध्ये पाऊस-वारा असतो, पण प्लवक वाढल्याने मांटा भरपूर दिसतात. रीलमधली मांटांची गर्दी बऱ्याचदा बा अटॉलमधल्या हनिफारू खाडीची असते, आणि तिथे स्कूबाला बंदी आहे, फक्त स्नॉर्कलिंग चालतं. थायलंडच्या सिमिलान बेटांचा पार्क मे मध्यापासून ऑक्टोबर मध्यापर्यंत बंदच असतो. त्यामुळे गणपतीच्या सुट्टीत सिमिलान जमणार नाही.

परतीचं विमान आणि लपलेला खर्च

अनेक दिवस सलग डाईव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्यायचे असतात. बऱ्याच बोटी २४ तास सांगतात. शरीरात साठलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. माले-मुंबई विमान जेमतेम तीन तासांचं, म्हणून स्वस्तातली लवकरची फ्लाइट घेण्याचा मोह होतो. तिकीट काढण्याआधी शेवटची डाईव्ह किती वाजता आहे ते विचारून घ्या.

जाहिरातीतल्या किमतीत भाड्याचं सामान, नायट्रॉक्स, इंधनाचा अधिभार, टिप धरलेली असेलच असं नाही. मालदीवचा ग्रीन टॅक्स २०२५ पासून अशा बोटींवर माणशी रात्रीला १२ डॉलर आहे, म्हणजे ७ रात्रींचे ८४. साध्या प्रवास विम्यात स्कूबा अनेकदा वगळलेला असतो, तेव्हा पॉलिसीत तो शब्द शोधा. आणि ग्रुपमध्ये घाटकोपरचा जैन मित्र असेल तर जेवणाचं आधीच कळवा, समुद्रात ऐनवेळी कांदा-लसणाशिवायचं काही मिळणार नाही.

हा मेसेज बोटवाल्यांना पाठवा

"रात्री जागा राहून फेरी मारणारा कर्मचारी असतो का? आमच्या केबिनमधून बाहेर पडायचे दोन मार्ग कोणते आणि ते वेगवेगळ्या ठिकाणी उघडतात का? केबिनमध्ये धूर ओळखणारा अलार्म आहे का? बॅटऱ्या कुठे आणि कधी चार्ज करायच्या? बोटीवर ऑक्सिजन किट आहे का? पहिल्या दिवशी सुरक्षेची माहिती आणि सराव होतो का? बोटीचं प्रमाणपत्र कधीपर्यंत वैध आहे?"

नीट चालणाऱ्या बोटीला याची उत्तरं द्यायला दहा मिनिटं लागतात. 'डोन्ट वरी, सर' एवढंच उत्तर आलं तर दुसरी बोट बघा.

बोटीवर चढल्यावर पहिल्या संध्याकाळी सनसेटचे फोटो जरूर काढा. त्याआधी लाईफ जॅकेट कुठे आहे ते बघा, दोन्ही मार्गांनी बाहेर जाऊन या, दुसऱ्या मार्गाची झडप स्वतः उघडून बघा. कुलूप असेल तर तिथल्या तिथे काढायला लावा. आणि पॉवरबँक रात्रभर उशीखाली चार्जिंगला लावू नका.