काजव्याच्या उजेडात औषधाची परीक्षा

कर्करोग संशोधनातला ‘उंदराचा फोटो’ हा साधा फोटो नव्हे; ते गाठीतून येणाऱ्या उजेडाचे चित्रण असते. पनवेल महापालिकेच्या हद्दीत, खारघरला, टाटा मेमोरियल सेंटरची ‘अ‍ॅक्ट्रेक’ ही कर्करोग संशोधन संस्था आहे. अंडाशयाच्या कर्करोगावर सिसप्लॅटिनसारखी औषधे काही काळाने निष्प्रभ का ठरतात, हे शोधताना तेथे असे चित्रण वापरले गेले आहे.

कर्कपेशींत आधी काजव्याचे एक जनुक घालतात. त्यातून ल्युसिफरेज हे विकर तयार होते. मग या पेशींची गाठ वाढवलेल्या उंदराला ल्युसिफेरिन हे द्रव्य टोचायचे, भूल देऊन काळोख्या पेटीत ठेवायचे, की आतली गाठ उजळते. हा उजेड इतका मंद, की तो टिपायला अतिथंड ठेवलेला कॅमेरा लागतो. पडद्यावर जास्त उजेड लाल दिसतो, कमी उजेड निळा.

औषध लागू पडून पेशी मेल्या की उजेड घटतो. पूर्वी दर टप्प्याला काही उंदीर मारून गाठ मोजावी लागे; आता एकच उंदीर कित्येक आठवडे तपासता येतो. आमच्या मते या तंत्राची सर्वांत मोठी कमाई हीच.

मात्र हा प्रकाश जाड मांसातून फारसा बाहेर येत नाही. माणसासाठी पेट स्कॅनसारखे तंत्र हवे. भारतातले पहिले पेट यंत्र २००२ साली मुंबईत, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आले. त्यात वापरल्या जाणाऱ्या किरणोत्सारी फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे. तासाभराचा उशीर झाला, तरी जवळपास तिसरा हिस्सा क्षय पावलेला असतो.