पलटणीतला नवरा, गावातली विहीर

महारांच्या लष्करी पराक्रमाची गोष्ट आपण कोरेगावच्या जयस्तंभापाशी सुरू करतो आणि बहुधा तिथेच संपवतो. त्या दगडावर धारातीर्थी पडलेल्यांची नावे आहेत. मागे राहिलेल्या बायांची नाहीत.

१८९२ साली इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. नुसती नोकरी गेली नाही, तर पगाराबरोबर पलटणीतली शाळाही पुढच्या पिढीच्या हातून गेली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ साली १११वी महार पलटण उभी राहिली. १९२१ साली ती मोडलीही. गरज सरो, वैद्य मरो! त्यानंतर सहाच वर्षांनी, नोव्हेंबर १९२७ मध्ये, बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीला परिषद भरली. प्रश्न होता अंबादेवीच्या देवळात पाऊल ठेवण्याचा. ज्यांचे रक्त चालले, त्यांचे पाऊल चालत नव्हते.

१९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट निघाली, दुसरी पलटण कामठीला. बडनेऱ्याहून नागपूरची गाडी धरली की कामठी फार लांब नाही.

अकोल्याकडची एक म्हातारी मला सांगे, “मन्याडर आली तं डाकवाला पैसे भुईवर ठेवे, मंग म्या उचलाचे. मले वाटे, नवरा मेल्याचा कागदबी हा असाच भुईवर ठेवन.”

नवरा जिवंत परतला. पलटणीतले बूट घालून विहिरीपर्यंत गेला. पाणी मात्र म्हातारीला पुढेही वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या हातून, वरून ओतून घ्यावे लागले.